टोपीचा फोटो

कोडोलीच्या आसपासच्या वाड्यांवर निशाला कुणी नावानं हाक मारत नसे. एकतीस वर्षं ती नुसती 'सिस्टर' होती. एका खांद्याला लसीची पेटी, काखेत रजिस्टर, आणि पर्समध्ये कंगव्याशेजारी कोंबडीचं एक पांढरं पीस. कुष्ठरोगाच्या पाहणीला निघाली की ते पीस बाहेर यायचं. पाठीवर, दंडावर एखादा फिकट चट्टा दिसला की ती म्हणायची, "डोळे मिट. लागलं की तिथं बोट ठेव." सरकारचं म्हणणं होतं की हे पेनानं करावं. पण पेन बघितलं की पोरांना सुई आठवायची आणि ती भोकाड पसरायची. पिसानं गुदगुल्या व्हायच्या. ज्याला व्हायच्या तो हसायचा, सिस्टरपण हसायची. जो हसायचा नाही त्याच्याशी ती जरा जास्तच गोड बोलायची आणि पुढं वर्षभर त्याच्या गोळ्यांसाठी त्याच्या मागं लागायची. गोळ्या सुरू झाल्या की त्याच्यापासून दुसऱ्याला लागायचं भय राहत नाही, हे तिनं इतक्या उंबऱ्यांवर सांगितलं होतं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

संध्याकाळी घरी येऊन हात धुवायची आणि त्याच हातांनी भाकरी थापायची. नवरा बुद्धभूषण वायरमन होता, चार भाकरी खायचा. लेक सोनम आईच्या ताटातच जेवायची. कुणाला कधी काही वाटलं नाही. तेव्हा ती नोकरी होती.

निवृत्तीच्या समारंभात शाल मिळाली आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते घड्याळ बघून बघून महिन्याभरात तिला घर खायला उठलं. त्याच सुमारास, ज्यांच्या हाताखाली ती पाहणीचं काम शिकली त्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा फोन आला. नेपाळात बुटवलच्या पलीकडं डोंगरात एक वसतिगृह होतं. कुष्ठरोग झालेल्या आईबापांची सव्वीस मुलं तिथं राहायची. मुलं धडधाकट होती. पण आईबापांच्या रोगापायी गावच्या शाळेत त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे. त्यांची तब्येत आणि खाणंपिणं बघायला अनुभवी बाई हवी होती. पगार नव्हता, राहणं आणि जेवण त्यांचं.

"फुकट काम करायला परदेशात जाणारी आपल्यात तू पयलीच," बुद्धभूषण म्हणाला.

"पासपोर्ट लागत न्हाय, त्याला परदेश कुठं म्हणत्यात व्हय?" निशा म्हणाली, पण आतून ती फुलली होती.

अडचण एकच होती. पेठ वडगावला दिलेल्या सोनमला पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. निशानं तारीख बोटांवर मोजली. जानेवारीचा पहिला आठवडा.

"मग जा की आई!" सोनम फोनवर ओरडली. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, बोलणं खणखणीत. "दिवाळीला परत येतीसच की. घरात बसून काय त्या घड्याळाला चावी देणारैस?"

"सेलवरचं हाय ते."

"बघ, म्हणजे तेवढंपण काम न्हाय तुला."

जाण्याआधी निशानं कपाटातनं स्वतःच्या आईच्या जुन्या सुती साड्या काढल्या. धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या. त्यांची बारा दुपटी आणि दोन डझन लंगोट शिवले. मध्ये कडुनिंबाचा पाला घालून सगळं खालच्या कप्प्यात रचलं, वर डिंक, खारीक, हळिवाचे डबे ठेवले, आणि गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसली.

तिकडची पोरं तिला 'सिस्टर आमा' म्हणायला लागली. आमा म्हणजे आई. पिसाचा खेळ त्यांना फारच आवडला. तपासणी होऊन गेली तरी रोज कुणीतरी डोळे मिटून हात पुढं करायचं. संध्याकाळी ती त्यांना मोडक्या हिंदीत गोष्टी सांगायची. त्यात नऊ वर्षांची सिर्जना दर वाक्याला तोंड घालायची, "अनि?" अनि म्हणजे मग. राजा मेला, असं सांगून निशानं गोष्ट संपवली तरी ही विचारायची, "अनि?"

शनिवारी तिकडं सुट्टी. खालच्या वस्तीतनं आईबाप पोरांना भेटायला चढण चढून यायचे आणि पारावर बसायचे. सिर्जनाची आई मनमाया संत्री घेऊन यायची. तिच्या बोटांची पेरं झडलेली, उरलेली बोटं आत वळलेली. त्यांनीच ती संत्रं सोलायची आणि फोडी तळहातावर ठेवून पुढं करायची. सिर्जना फोडी घ्यायची, खिशात टाकायची आणि आईची पाठ वळली की शेळीला घालायची. निशानं हे दोन शनिवार बघितलं. तिसऱ्या शनिवारी ती जाऊन मनमायाच्या शेजारी बसली आणि तिच्या तळहातावरची एकेक फोड उचलून खात राहिली. पोरीला एका शब्दानं काही बोलली नाही. चौथ्या शनिवारी सिर्जना दोघींच्या मध्ये येऊन बसली आणि तिनं तोंड उघडलं.

दिवाळीत वस्तीवर जेवण होतं. मनमायानं गोल गोड वड्यासारखं काहीतरी तळलं होतं. त्याचा तुकडा तिनं स्वतःच्या हातानं निशाला भरवला, तेव्हा कुणीतरी फोटो काढला. निशानं तो सोनमला पाठवला. तासाभरात सोनमनं तो फेसबुकवर टाकला. 'माझी आई. माणुसकीला सीमा नसतात.' खाली अंगठे, बदाम आणि जयभीमची रांग लागली. निशा लाजली. इतकं कौतुक नोकरीत एकतीस वर्षांत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोनमचा फोन आला. "आई, एवढ्यात कशाला येतीस? पोरांना तुझी सवय झालीया. आणि महिनाभर राहा की."

"अगं, तुझं काय?"

"माझं सगळं व्यवस्थित हाय. पप्पांना विचार."

बुद्धभूषणही म्हणाला, "ऱ्हा की. काय घाई हाय?"

निशाला वाटलं, आपल्या घरच्यांचं मन किती मोठं. वसतिगृह चालवणाऱ्या बाईंना तिनं हे तीनदा सांगितलं.

त्या वाढीव महिन्यात मनमायानं टोपी विणली. पिवळी, लाल काठाची, निशाच्या होणाऱ्या नातवंडासाठी. सुई बोटांत धरता येत नव्हती, म्हणून ती चिंधीनं तळहाताला बांधून घ्यायची. एक ओळ विणायला तिला दुपार लागायची. निघायच्या दिवशी टोपी हातात देताना सिर्जनानं अट घातली. बाळाच्या डोक्यावर टोपी, असा फोटो पाठवायचा. निशानं कोल्हापूरच्या पोरांसारखी गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली. पोरीनं ती चिमूट कितपत घट्ट आहे ते हात लावून बघितलं.

वीस डिसेंबरला निशा घरी पोचली. चहा व्हायच्या आत तिनं कपाट उघडलं. खालचा कप्पा रिकामा होता. दुपटी नव्हती, डबे नव्हते. कोपऱ्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला तेवढा पडला होता.

"अहो, दुपटी कुठायत?"

बुद्धभूषण टीव्ही बघत होता. "वडगावला दिली."

"का?"

"तिथंच करायचं ठरलंय न्हवं बाळंतपण. दवाखाना जवळ हाय त्यांना. विहीणबाईंचा आग्रह."

"कधी नेऊन दिली?"

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणजे गोष्ट अवघड होती. "दिवाळी झाल्या झाल्या."

निशा कपाटापुढंच खाली बसली. दिवाळी झाल्या झाल्या. म्हणजे ती फोनवर 'डिंकाचे लाडू मी आल्यावर वळते' म्हणत होती, तेव्हा डिंक वडगावला होता. आणि हा माणूस 'बरं बरं' म्हणत होता.

"मला का सांगितलं न्हाय?"

"तू तिथं चांगल्या कामात हुतीस. म्हटलं, कशाला मन मोडायचं."

तिनं राग विहिणीवर काढला. यल्लव्वाबाई जुन्या वळणाची, शिकलेली नाही, तिला भीती वाटत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. अशा बायकांना समजावण्यातच तिचा जन्म गेला होता. वेळ लागतो, पण उतरतं डोक्यात.

एकोणतीस तारखेला मुलगी झाली. निशा दवाखान्यात पोचली तेव्हा बाळ यल्लव्वाबाईच्या मांडीवर होतं. निशानं हात पुढं केले.

"आई, तू एसटीतनं आलीयास," कॉटवरनं सोनम म्हणाली. "किती धूळ असती."

निशाचे हात मागं आले. बरोबरच होतं. बाहेरून येऊन लगेच बाळाला घेऊ नये, हे तिनंच हजार बाळंतिणींना सांगितलं होतं. तिनं हात धुतले, कोपरापर्यंत धुतले. तोवर बाळ झोपलं होतं. झोपलेल्या बाळाला उचलू नये, हेही तिनंच सांगितलेलं.

टोपी तिनं सोनमच्या हातात दिली. दोनदा गरम पाण्यातनं काढली होती, उन्हात वाळवली होती. सिर्जनाच्या शपथेचंही सांगितलं.

"किती गोड हाय! घालू की," सोनम म्हणाली आणि टोपी पिशवीत ठेवली.

चहा आला. सगळ्यांना कपबशी, निशाला कागदी कप.

"पावण्यांना धुवायचा व्याप नको म्हणून," जावई अतुल घाईघाईनं म्हणाला. पाहुणी तर ती एकटी नव्हती. बाळाची आत्याही आली होती, तिच्या हातात बशी होती. निशानं यल्लव्वाबाईकडं बघितलं. दर चौदा एप्रिलला ही बाई रडून सांगायची, की तिच्या सासऱ्याचा कप हॉटेलच्या बाहेर कोनाड्यात कसा ठेवलेला असायचा, आणि तो त्यानं स्वतःच विसळून परत कसा ठेवायचा. यल्लव्वाबाई खिडकीतनं बाहेर बघत होती.

सहाव्या दिवशी फेसबुकवर फोटो आला. दुपट्यावर बाळ, आणि बाळाच्या डोक्यापासून हातभर लांब ती पिवळी टोपी. 'नेपाळच्या मावशीचं प्रेम.' टोपी अशी मांडून ठेवली होती, जशी प्रदर्शनात वस्तू ठेवतात. दुपटं निशाच्या आईच्या साडीचं होतं.

फोटो वसतिगृहाच्या बाईंनी पोरांना दाखवला असणार. संध्याकाळी त्यांच्या फोनवरून आवाजाचा निरोप आला. सिर्जनाचा बारीक आवाज. "आमा, टोपी ठूलो भयो?" टोपी मोठी झाली का, असं ती विचारत होती.

निशानं तो निरोप चारदा ऐकला. उत्तर दिलं नाही. आधी फोटो काढते, मग बोलते, असं ठरवून रविवारी सकाळी ती वडगावला गेली.

घरात गडबड होती. बाळाला रोज न्हाऊ घालणारी धोंडुबाई हातकणंगल्याला लग्नाला गेली होती. पाणी तापून तयार, तेल कोमट करून ठेवलेलं, आणि बाळ भुकेनं-झोपेनं रडून लालभडक झालेलं.

"माझं गुडघं वाकत न्हाईत," यल्लव्वाबाई म्हणत होती. "ह्या धोंडीला आजच लगीन आठवलं."

निशानं पदर खोचला, बांगड्या वर सरकवल्या, न्हाणीत पाट आडवा टाकून बसली आणि पाय लांब केले. नडग्यांवर बाळ घेऊन आंघोळ घालायची. हे तिच्या हातापायांना कुणी शिकवायची गरज नव्हती. गेल्या सप्टेंबरपासून ती मनात हे रोज करत होती. पहिल्यांदा पाठीवर तेल, मग टाळू, मग गुडघ्यांची घडी.

"आण तिला," ती म्हणाली.

सोनम आली. हातात बाळ नव्हतं. दवाखान्यात असतात तसले पातळ रबरी हातमोजे होते, कोरे, पाकिटातले.

"हे घाल आई."

निशानं ते घेतले. सवयीनं बघितलं, साडेसहा नंबर, तिच्याच मापाचे. आणि सवयीनंच म्हणाली, "अगं, ह्यानं तेल कसं जिरंल? रबर ओढतंय कातडीला..." मग ती थांबली.

बाळ आत रडत होतं. निशानं लेकीकडं न बघता न्हाणीच्या दाराशी उभ्या असलेल्या यल्लव्वाबाईकडं बघितलं. आवाज शक्य तितका मऊ केला.

"विहीणबाई, तुमची भीती मला कळती. पण लेकीच्या हातात असलं कशाला द्यायचं? मला सरळ विचारायचं हुतं. मी समजावून सांगितलं असतं."

"माझी भीती?" यल्लव्वाबाईचा आवाज गल्लीत गेला असेल. "माझ्या नावावर किती दिस खपवणार हायसा तुमी मायलेकी? मी कशाला असलं म्हणू? माझ्या सासऱ्यानं कप विसळला तो मी ह्या डोळ्यांनी बघितलाय! तुमच्या लेकीनं सांगितलं, आईला सहा महिने पोर द्यायची न्हाय. तिनं सांगितलं, हितंच बाळंतपण करायचं. कागदाचं कप बी तिनंच आणायला लावलं. मी म्हटलं, अगं, शोभत न्हाय. तर मलाच म्हणती, तुम्हाला कळत न्हाय, गप ऱ्हावा. ऱ्हायले गप. चुकलं माझं!"

न्हाणीत पाण्याची वाफ होती. निशाचे पाय अजून लांबच होते.

"सोनम?"

"आई, तू मनाला लावून घेऊ नको." सोनमच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती मागं सरली नव्हती. "मला तुझा अभिमान हाय. सगळ्यांना सांगते मी. पण तू तिथं राहिलीस, त्यांच्या हातनं खाल्लंस. तो फोटो बघितला आणि रात्रभर मला..."

"तो फोटो तूच टाकलास की सगळ्यांना बघायला."

"ते वेगळं, हे बाळ हाय."

"आणि तू कोण हुतीस? एकतीस वर्षं मी त्यांच्यातनंच येत हुते. माझ्या ताटात जेवून मोठी झालीस."

"तवा तू नोकरी करत हुतीस."

"म्हणजे पगार असला की रोग लागत न्हाय?"

सोनमनं मागं वळून रडणाऱ्या बाळाकडं बघितलं.

"आणि सहा महिने कुठनं काढलंस? कुठल्या पुस्तकात हाय? लागायचं असलं तर पाच-दहा वर्षांनी बी दिसतंय. तवर देणार न्हाईस मला पोर?" निशाच्या लक्षात आलं, की ती इथंसुद्धा आरोग्यशिक्षणच देत होती. तिनं बोलणं तोडलं. "पप्पांना ठाऊक हुतं हे?"

"त्यांनीच म्हटलं, आईला कळू देऊ नको."

निशा उठली. उठताना भिंतीला हात टेकला. हातमोजे तिनं पाटावर ठेवले, एकावर एक, नीट.

"बरं," ती म्हणाली. "मी न्हाय हात लावत. टोपी आण. तूच घाल, तूच फोटो काढ. मी उंबऱ्याच्या बाहेर उभी ऱ्हाते. एका पोरीला शब्द दिलाय मी. एवढंच कर, मग जाते."

सोनमनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. उलगडलं. परत गुंडाळलं. आत अतुल बाळाला घेऊन येरझाऱ्या घालत होता. "दोन मिनटांचं काम हाय, सोनम," तो म्हणाला.

"माझ्याच्यानं न्हाय होणार," सोनम म्हणाली.

"टोपी कुठाय?"

यल्लव्वाबाईनं मागल्या दाराकडं मान केली. खराट्याशेजारी खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती, गाठ मारलेली, गाठीवर आणखी एक गाठ. निशानं दातांनी गाठ सोडवली. टोपीला अजून घरच्या साबणाचा वास होता.

आत यल्लव्वाबाई अगं आई गं करत पाटावर बसली. बाळ तिच्या पायांवर आलं. निशा बाहेरच्या दारापर्यंत पोचली होती. तिथनं ती ओरडली, "पाणी आधी कोपरानं बघा, विहीणबाई. हाताला कळत न्हाय."

"बघते, बघते," आतनं आवाज आला. मग पाण्याचा आवाज, आणि बाळाचं रडणं हळूहळू उतरत गेलं.

वडगावच्या स्टँडवर कोडोलीची गाडी लागलेली होती. निशाला खिडकी मिळाली. बुद्धभूषणचा फोन दोनदा वाजला, तिनं घेतला नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बंद करून परत चालू केला. घरी जायचं होतंच, तो तिथं असणारच होता, भाकरीही तिलाच थापायची होती.

मांडीवर पिवळी टोपी होती. काठाची एक ओळ चुकली होती. तिथं मनमायाची चिंधी सुटली असणार. निशानं सिर्जनाचा निरोप उघडला. हो, मोठी झाली, असं म्हटलं असतं तर संपलं असतं. पोरीच्या आईनं दुसरी विणली असती, महिनाभर सुई हाताला बांधून. तीही त्याच खुंटीला गेली असती.

तिनं फोन तोंडाशी धरला.

"न्हाय गं बाळ," ती तिकडच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "टोपी मोठी न्हाय झाली."

पुढचं वाक्य तिच्या मनात तयार नव्हतं. शेजारची बाई बघत होती. निशानं तेवढंच पाठवून दिलं आणि टोपी मुठीत धरून बसली.

गाडी फाट्यावरून महामार्गाला लागते न लागते तोच उत्तर आलं. तिकडं थंडीची सुट्टी लागली असणार, पोरं बाईंच्या फोनभोवतीच असतील. मागं कुणीतरी खिदळत होतं आणि सिर्जनाचा आवाज अगदी जवळ होता, गोष्टीच्या मधोमध यायचा तसा.

"अनि?"